वाघ निघतो कशासाठी, पोचतो कुठे? वन्यप्राण्यांच्या भटकंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिपेश्वरचा वाघ बुलढाण्यात, नागझिऱ्याचा उमरेडच्या रानात, यवतमाळ जिल्ह्यातला थेट धाराशिवच्या रामलिंग घाटात. गेल्या दहा-बारा वर्षांत अशा बातम्या नेमाने येतात, आणि प्रत्येक बातमीमागून तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. भर वाघ आणि बिबट्यावर आहे, कारण विचारणा त्यांचीच जास्त होते. हत्तींचाही एक प्रश्न घेतला आहे.

वाघ वाट चुकून गावाकडे येतो का?

फार क्वचित. ‘भरकटलेला वाघ’ हा मथळा वाचकाला ओढतो, पण बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. वाघ निघतो तो जागेच्या शोधात. अभयारण्याची हद्द कागदावर आपण आखली, वाघाला ती ठाऊक नाही. त्याच्या लेखी नाला, झुडपी जंगल, तुरीचं शेत, पुन्हा नाला असा सलग मुलूख असतो आणि मध्ये कुठेतरी गाव लागतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी वनविभागाच्या बहुतेक भागाला ना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा ना अभयारण्याचा, तरीही तिथे वाघांची चांगली वस्ती आहे आणि वाघिणी तिथेच पिल्लं वाढवतात. तिथल्या माणसाला ‘वाघ जंगलाबाहेर आला’ हे वाक्यच विचित्र वाटेल.

मग तो आईला सोडून जातोच का?

साधारण दीड ते दोन वर्षांचा झाला की बछडा स्वतः शिकार करू लागतो. तोवर आईची पुढची वीण जवळ आलेली असते, आणि तिच्या भागावर ज्या नराचा ताबा आहे त्याला दुसरा वाढता नर खपत नाही. मारामारी झाली तर तरुण वाघ हरतो, कधी जीवही जातो. म्हणून तो काढता पाय घेतो.

दुसरं कारण संख्येचं. महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. त्या प्रमाणात जंगल वाढलेलं नाही. ताडोबासारख्या चितळ-सांबरांनी भरलेल्या रानात वाघिणीचं थोडक्या मुलखात भागतं. सायबेरियात शिकार इतकी विरळ, की तिथल्या वाघिणीला ४०० चौरस किलोमीटरच्या आसपास मुलूख लागतो. जागा किती लागणार हे असं भक्ष्यावर ठरतं. यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य मात्र जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं. तिथे दोन-तीन वाघिणी व्यायल्या, की दोन वर्षांनी कुणाला तरी बाहेर पडावंच लागणार.

लांब जाणारे बहुतेक नरच का असतात?

माद्या शक्यतो आईच्या शेजारी ठाण मांडतात. कधी आईच आपल्या भागाचा एक तुकडा लेकीला सोडून बाजूला सरकते. नर दूर गेले की सख्ख्या नात्यात वीण होण्याचा धोका टळतो. याची दुसरी बाजूही आहे. दूरच्या एखाद्या जंगलात नर आपल्या पायांनी पोचतो, पण तिथे वाघीण नसते. मग तो काही महिने थांबतो आणि पुन्हा चालू लागतो.

सगळ्यात लांब चाललेला वाघ कोणता?

आपल्याकडे नोंद झालेल्यांत ‘वॉकर’. हा टिपेश्वरमध्ये जन्मला, २०१९ च्या फेब्रुवारीत त्याला रेडिओ कॉलर (ठिकाण कळवणारा गळ्यातला पट्टा) बसवली आणि जूनमध्ये तो निघाला. विदर्भ, मराठवाडा आणि सीमेपलीकडे तेलंगणात आदिलाबाद असं फिरत वर्षअखेरीला तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत त्याचं चालणं ३,००० किलोमीटरच्या वर गेलं.

नकाशावर टिपेश्वर आणि ज्ञानगंगा यांमधलं अंतर याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणजे तो एका दिशेने चालला नव्हता. पुढे जायचं, एखादा भाग चार दिवस हुंगायचा, शिकार बरी वाटली तर थांबायचं, नाही तर मागे फिरून दुसरा नाला धरायचा, असं त्याचं चाललं होतं. कॉलरच्या ठिपक्यांची रेघ गुंत्यासारखी दिसते ती यामुळे. या अख्ख्या प्रवासात एकच माणूस जखमी झाला. काही जण त्याच्या मागावर झुडपात शिरले होते, त्यांच्यापैकी तो एक. तीन हजार किलोमीटर, बहुतेक शेतीतून, आणि एक जखमी. वाघाच्या स्वभावाबद्दल एवढा पुरावा मला पुष्कळ वाटतो.

ज्ञानगंगा २०५ चौरस किलोमीटरचं आहे, खायला रोही आणि रानडुकरं आहेत. वाघीण नव्हती. त्याच्यासाठी एखादी आणावी का, यावर खल झाला. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली आणि त्यानंतर तो नजरेआड झाला.

टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ २०२१ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या औट्रमघाट-गौताळा अभयारण्याच्या कॅमेऱ्यात आला. तिथे कित्येक दशकांनी वाघ दिसला. २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाटात दिसलेला वाघही टिपेश्वरचाच. जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरच्या रानातून एवढे पाय फुटावेत, हे नवलच.

वाटेत तो खातो काय आणि दिवसा राहतो कुठे?

खातो रानडुक्कर, रोही आणि मिळालं तर पाळीव जनावर. रोही आणि डुक्कर पिकाची नासाडी करतात म्हणून शेतकरी मेटाकुटीला आलेला असतो. वाघ त्याच पिकाच्या कडेने त्यांच्यामागे फिरतो. शेतकऱ्याला डुक्कर गेल्याचं कळत नाही, गोऱ्हा गेल्याचं मात्र पंचनाम्यासकट कळतं.

दिवसा नाल्याच्या काठची झुडपं, उभी कपाशी, तुरीचं दाट रान यांत तो पडून असतो. दिवस कलला की उठतो. चालणं मुख्यतः रात्रीचं. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत शिवारात आडोसा भरपूर असतो. कपाशी उपटली, तूर कापली की तोच मुलूख उघडा पडतो. उन्हाळ्यात पाणी आटतं आणि प्राण्यांची ये-जा उरल्यासुरल्या पाणवठ्यांभोवती होऊ लागते. नेमकी तेव्हाच माणसं मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला भल्या पहाटे रानात शिरतात, बहुतेक वेळ वाकून किंवा बसून. विदर्भात उन्हाळ्यात हल्ले का वाढतात, याचं मोठं कारण हे आहे.

भ्रमणमार्ग म्हणजे नेमकं काय? तो जंगलाचा पट्टाच असतो का?

नकाशावर हिरव्या पट्ट्यासारखा दाखवतात म्हणून हा घोळ होतो. प्रत्यक्षात भ्रमणमार्ग म्हणजे दोन जंगलांमधला असा मुलूख, जिथून प्राणी जिवंत पार होऊ शकतो. त्यात राखीव वन असेल, गायरान असेल, नदीचं पात्र असेल, चार गावांचं शिवारही असेल. कान्हा-पेंच, सातपुडा-मेळघाट, ताडोबा-नागझिरा हे मध्य भारतातले गाजलेले भ्रमणमार्ग. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ २०१३ मध्ये गावं, नद्या आणि राष्ट्रीय महामार्ग ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यात आला. त्याने ते अभयारण्य देशभर गाजवलं आणि २०१६ च्या एप्रिलनंतर तो कुणालाच दिसला नाही.

माझं मत विचाराल तर भ्रमणमार्गाला अभयारण्याच्या निम्मं तरी महत्त्व द्यायला हवं. आज ते मिळत नाही. अभयारण्यात एक झाड तोडायला परवानगी लागते. भ्रमणमार्गातल्या शेतावर गोदाम उठलं तर कुणी विचारत नाही.

महामार्गाखालून काढलेल्या वाटा प्राणी खरंच वापरतात का?

हो, आणि शंका घेणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. रस्ता चौपदरी करताना स्वयंसेवी संस्था न्यायालयात गेल्या आणि महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलून घ्यावा लागला. सर्वांत लांब भाग ७५० मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले. पहिल्या काही महिन्यांतच १८ जातींचे वन्यप्राणी खालून जाताना दिसले. ११ वेगवेगळ्या वाघांनी मिळून ८९ वेळा रस्ता पार केला. सर्वाधिक वापर चितळांचा.

यात बारकावे आहेत. खालची जागा रुंद आणि उंच हवी, पलीकडचं रान अलीकडून दिसायला हवं, जमीन मातीचीच हवी. दोन्ही बाजूंना कुंपण नसेल तर प्राणी खालून न जाता सरळ रस्त्यावर चढतो. आणि पुलाखाली ट्रक लावून कुणी स्वयंपाक मांडला, तर कॅमेऱ्यात त्या रात्री चितळाऐवजी स्टोव्ह दिसतो. समृद्धी महामार्गावरही खालून आणि वरून अशा दोन्ही प्रकारच्या वाटा आहेत.

रस्त्याशिवाय आणखी कशाची अडचण होते?

रेल्वेची. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या जंगलात बल्लारशाह-गोंदिया मार्गावर वाघिणीचे तीन बछडे गाडीखाली आले. कालव्यांची. काँक्रीटच्या उभ्या भिंतींच्या कालव्यात पडलेलं जनावर वर येऊ शकत नाही. ठरावीक अंतरावर उतार किंवा वरून मातीचा पूल केला तर प्रश्न सुटतो, पण तो कालवा बांधतानाच करायला हवा.

आणि विजेची. डुकरं येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडतात. ‘जय’चा मुलगा ‘श्रीनिवास’ २०१७ मध्ये नागभीडच्या शिवारात अशाच तारेला चिकटून मेला. अशा तारांनी माणसंही मरतात, बहुतेकदा शेजारचा शेतकरी किंवा गडीमाणूस. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, त्याने जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. दोन्ही कुंपणांना गावात ‘करंट’च म्हणतात, म्हणून हा फरक सांगून ठेवला.

हे सगळं कळतं कसं? पगमार्कवरून?

पगमार्कवरून, म्हणजे पंजाच्या ठशांवरून, वाघ मोजण्याची पद्धत राजस्थानातल्या सरिस्कामध्ये वाघ संपल्याचं २००४-०५ च्या सुमारास उघड झाल्यावर मागे पडली. आता मुख्य साधन कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचेसुद्धा. म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात. येडशीचा वाघ टिपेश्वरचा हे पट्टे जुळवूनच समजलं.

कॉलर उपग्रहामार्फत ठिकाण कळवते, पण तिची बॅटरी संपते आणि ती बसवायला वाघाला बेशुद्ध करावं लागतं, त्यामुळे ती थोड्यांनाच लावतात. समुद्रात साधी धातूची पट्टीही काम करून जाते. ओडिशात गहिरमाथ्याला मार्च २०२१ मध्ये ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पायाला लावलेली पट्टी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर वाचली गेली. ती तिथे अंडी घालायला आली होती. पूर्व किनाऱ्यावरचं कासव कोकणात येऊन अंडी घालतं, हे त्या पट्टीने दाखवलं.

बिबट्या पकडून लांबच्या जंगलात का सोडत नाहीत?

सोडून पाहिलं आहे. जुन्नर भागात २००१ नंतर मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्याआधीच्या आठ वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. २००१ ते २००३ या काळात ती सरासरी १७ वर गेली. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं, तेव्हा कुठे या उपायाचा फेरविचार सुरू झाला.

असं होण्याची कारणं उघड आहेत. अनोळखी मुलखात सोडलेल्या जनावराला ना पाणवठे माहीत, ना लपायच्या जागा. तिथल्या बिबट्याशी त्याची झोंबी होते. पिंजऱ्यात आपटून दात-नखं मोडलेली असतात. आणि इकडे रिकामी झालेली जागा चार-सहा महिन्यांत दुसरा तरुण बिबट्या घेतो, तो गावाच्या सवयी न शिकलेला.

शिवाय सोडलेला बिबट्या सोडलेल्या जागी राहतच नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक नर विहिरीत पडला. त्याला वर काढून कॉलर बसवली आणि माळशेज घाटात सोडलं. दिसायला वयस्क म्हणून सगळे त्याला ‘आजोबा’ म्हणू लागले. आजोबा निघाले ते मुंबई-आग्रा महामार्ग, कसाऱ्याचे लोहमार्ग आणि वसईची खाडी पार करून सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचले. महिनाही लागला नाही. वाटेत कुणाला ओरखडासुद्धा नाही. २०११ च्या डिसेंबरात घोडबंदर रस्त्यावर वाहनाच्या धडकेत ते गेले. अंगात बसवलेल्या चिपवरून ओळख पटली.

तरीही गावात पिंजऱ्याची मागणी होतेच, आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला आकडेवारी सांगण्यात अर्थ नाही. नरभक्षक ठरलेलं जनावर पकडावंच लागतं. पण ‘दिसला म्हणून पकडा’ हा उपाय नव्हे.

उसातला बिबट्या जंगलातून आलेला असतो का?

बऱ्याचदा तो उसातच जन्मलेला असतो, त्याची आईसुद्धा. धरणं, पाट आणि साखर कारखाने आल्यावर जुन्नर, अकोले, संगमनेर पट्ट्यात वर्षातले बहुतेक महिने उभा ऊस असतो: सावली, पाणी, आडोसा, आणि गावात कुत्री-डुकरं. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावकुत्र्यांचा निघाला.

तोडणी सुरू झाली की फडात बछडे सापडतात. अशा वेळी त्यांना उचलून घरी आणू नका, फोटोसाठी मांडीवर तर मुळीच घेऊ नका. काम थांबवून वनखात्याला कळवा. पशुवैद्य तपासणी करतात आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये पिल्लं ठेवतात. अंधार पडला की आई येते आणि एकेक करून तोंडात धरून नेते. जुन्नर भागात अशा कितीतरी मायलेकरांची भेट झाली आहे. पिल्लं परत मिळाली नाहीत तर ती बिबटीण रात्रभर तो फड सोडत नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी तोडकऱ्यांची खैर नसते.

हत्ती अचानक महाराष्ट्रात कसे आले?

दोन वाटांनी. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून तिलारी-दोडामार्ग भागात, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून गडचिरोलीत एक मोठा कळप. कारण दोन्हीकडे जवळपास सारखं: मागच्या जंगलात धरणं, खाणी, वस्ती वाढली आणि पुढच्या मुलखात खाणं सापडलं. गडचिरोलीत धानाची शेतं, सिंधुदुर्गात केळी, माड, पोफळी. हत्तींच्या कळपाची पुढारी म्हातारी हत्तीण असते आणि एकदा चांगला माल मिळालेली जागा ती विसरत नाही. म्हणून फटाके वाजवून हाकललेला कळप चार दिवसांनी परत येतो.

समजा वाटा बंद झाल्या आणि वाघ आहे तिथेच राहिले. बिघडलं कुठे?

ओडिशातलं सिमिलीपाल पाहा. तिथले वाघ बाकीच्या वाघांपासून तुटलेले आहेत. तिथे दर तिघांत साधारण एका वाघाचे पट्टे पसरून अंग जवळजवळ काळं दिसतं. जनुकशास्त्रज्ञ उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये त्यामागचं जनुक शोधलं. पर्यटकाला काळा वाघ अप्रूप वाटतो, पण मोजक्याच वाघांमध्ये आपसात वीण होत राहिल्याची ती खूण आहे. रंग बदलला तो डोळ्यांना दिसला. आतलं किती बदललं ते दिसत नाही.

नवं रक्त यावं म्हणून २०२४ मध्ये ताडोबा भागातून जमुना आणि झीनत अशा दोन वाघिणी तिथे नेल्या. झीनत महिनाभरात बाहेर पडून झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये गेली. २९ डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. ट्रकने नेलेला वाघ आपल्या पायांनी आलेल्या वाघासारखा वागत नाही.

सह्याद्रीत वाघ आहेत का?

२०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तरी कायमचा वाघ बरीच वर्षं नव्हता. २०२२ मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात आलेला नर २०२३ च्या डिसेंबरात सह्याद्री प्रकल्पात दिसला. म्हणजे दक्षिणेकडून, गोवा-कर्नाटकच्या जंगलांकडून येणारी वाट अजून चालू आहे. त्या वाटेने नर आले. माद्या का येत नाहीत ते वर आलंच. म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाची एक वाघीण चांदोलीत आणली. राधानगरी ते चांदोली हा पट्टा खाणी आणि रिसॉर्टपासून वाचला, तर पुढचे नर आणायला ट्रक लागणार नाही.

रात्री मोटर चालू करायला शेतात जावंच लागतं. काय काळजी घ्यावी?

एकट्याने जाऊ नका. मोठ्याने बोलत जा किंवा मोबाइलवर गाणी लावा, बॅटरीचा उजेड पुढे टाका. अंधारात वाकून किंवा बसून राहू नका. बसलेल्या माणसाचा आकार जनावराला भक्ष्यासारखा वाटू शकतो. वाघ दिसला तर पाठ करून पळू नका, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका. त्याला जायला वाट मोकळी ठेवा. गर्दी जमवून वेढा घातला की तो बिथरतो. बघ्यांची गर्दी झालेली जागाच सगळ्यात धोक्याची. वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आहे. दिवसा वीज दिली तर यातला निम्मा धोका आपोआप टळेल, पण तो प्रश्न वनखात्याच्या हातातला नाही.

कॉलर लावलेला वाघ आत्ता कुठे आहे, ते लोकांना ॲपवर का दाखवत नाहीत?

शिकाऱ्यांमुळे. शिवाय ठिकाण कळलं की तासाभरात तिथे गाड्यांची रांग लागते. आसपासच्या गावांना मात्र वनरक्षक आणि गावातलं प्राथमिक प्रतिसाद दल सावध करतं: कोणत्या शिवारात आहे, गुरं कुठे नेऊ नका, सरपणाला कोणत्या बाजूला जाऊ नका. तुमच्या गावात असं दल आहे की नाही, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या. नसेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज देता येतो.